पैसा ‘असणं’ : रिच, वेल्दी आणि आपलं खातंपितं घर



मागचं व्याख्यान संपल्यावर इथल्याच, सोनाळ्याच्या एका मुलीनं आम्हाला दारातच गाठलं. स्पर्धा परीक्षेची तयारी करते ती. म्हणाली, “सर, ‘रिच’ आणि ‘वेल्दी’मध्ये फरक काय? डिक्शनरीत दोन्हीला ‘श्रीमंत’च लिहिलंय. ‘अफ्लुएंट’लाही तेच.” तिला वहीत उतरवून घेता येईल असं एका ओळीचं उत्तर हवं होतं. आम्ही काहीतरी सांगितलं, आणि घरी पोहोचेपर्यंत आमचं आम्हालाच ते पटेनासं झालं. म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवून तिच्या प्रश्नाकडे येतो. आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक नव्हतो, तत्त्वज्ञानाचे होतो. पण ‘असणे’ या क्रियापदावर तत्त्वज्ञानवाल्यांचा जरा हक्क असतो, आणि ‘पैसा असणे’ हा त्यातलाच एक पोटप्रश्न आहे.

हे शब्द म्हणजे कमीजास्त पैशाच्या पायऱ्या आहेत, हा समज आधी काढून टाकू या. परीक्षेच्या पुस्तकांत तशा पायऱ्या लावून दिलेल्या असतात: वेल-ऑफ खाली, त्याच्या वर रिच, त्याच्या वर वेल्दी. पाठ करायला ते सोपं पडतं, वापरायला गेलं की फसतं. किती पैसा आहे हे हे शब्द फार थोडं सांगतात. तो पैसा माणसाला कसा चिकटलेला आहे, कुठून आला, राहील की जाईल, आणि सांगणारा माणूस कुठे उभा आहे, हे ते जास्त सांगतात.

‘रिच’ घ्या. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ पैसेवाला असा नव्हता. ज्याच्या हातात बळ आहे, सत्ता आहे, तो रिच. राज्य या अर्थाचा जर्मन ‘राइश’ हा त्याचा सख्खा भाऊ. लॅटिन ‘रेक्स’ आणि आपला ‘राजा’ हे लांबचे चुलतभाऊ. म्हणजे आधी सत्ता आणि तिच्या मागून पैसा. आपल्याकडे वेगळं काही झालं नाही. ‘श्रीमंत’ हा पेशव्यांचा किताब होता. तो लावताना तिजोरीत किती शिल्लक आहे हे कुणी बघत नव्हतं. पहिल्या बाजीरावांनी कर्जाच्या काचाबद्दल ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं प्रसिद्धच आहेत. देणेकऱ्यांनी गांजलेले असतानाही ते ‘श्रीमंत’च होते. ‘दौलत’चीही तीच कथा. मूळ अरबी शब्द, त्याच्या धातूत फिरण्याचा, पालटण्याचा अर्थ आहे. ज्याची पाळी त्याची सत्ता. ‘मराठी दौलत’ म्हणजे मराठ्यांचं राज्य, मराठ्यांची तिजोरी नव्हे. पुढे राज्यं गेली आणि दौलत नुसती पेटीत उरली.

‘वेल्थ’ची जात वेगळी. त्याच्या आत ‘वील’ हा जुना शब्द बसलेला आहे: कल्याण, बरं असणं. ‘कॉमनवेल्थ’ म्हणजे सगळ्यांचं मिळून जे बरं ते. ॲडम स्मिथचं १७७६ सालचं पुस्तक राष्ट्रांच्या ‘वेल्थ’विषयी आहे, आणि राष्ट्राची संपत्ती म्हणजे राजाच्या खजिन्यातलं सोनं-चांदी, हा समजच तर तो त्यात मोडून काढतो. तर ‘रिच’ माणूस एका रात्रीत होता येतो, लॉटरी लागली की झालं. ‘वेल्दी’ एका रात्रीत होता येत नाही. त्यात साठलेपण आहे, काळ आहे, पुढच्या पिढीची सोय आहे.

हे कळायला इंग्लंडला जायची गरज नाही, आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला जा. मेहकर, सिंदखेडराजाकडून समृद्धी महामार्ग जातो, नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर. तिकडे लोक कसं बोलतात ते ऐका. “त्याचं वावर समृद्धीत गेलं.” समृद्धी शब्दाच्या मुळाशी ‘ऋध्’ आहे, वाढणं, फळाला येणं. वावर गेलं, ते वाढण्यात गेलं! बोलणाऱ्याच्या हे ध्यानीमनीही नसतं, पण भाषा कधीकधी अशी आपल्याच तोंडून आपली थट्टा करते. आमच्या नात्यातल्या एकाचं सात एकर असं समृद्धीत गेलं. पैसा आला, चांगला आला, वेळेवर आला. बंगला झाला, चारचाकी झाली, मुलीचं लग्न झालं, दोन्ही पोरांना वाटून दिलं, उरलं ते बँकेत ठेवलं. गाव त्याला आता पैसेवाला म्हणतं. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “दादा, मले वावर होतं. आता माह्यापाशी पैसा हाये.”

हे वाक्य नीट ऐका. एवढ्याशा वाक्यात त्यानं विभक्ती बदलली. ‘मले वावर होतं’ आणि ‘माह्यापाशी पैसा आहे’. आता उलट करून बघा. ‘मले पैसा आहे’ असं कुणी म्हणेल का? कानाला खटकतं. मराठीत ‘हॅव’ला प्रतिशब्द नाही. इंग्रजी एकच क्रियापद घेऊन भाऊ, ताप, शेत आणि पैसा सगळ्यांना हाकतं. आय हॅव अ ब्रदर, आय हॅव मनी. आपण काय करतो? ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला ताप आहे’, ‘मला पाच एकर शेत आहे’. पण ‘माझ्याजवळ शंभर रुपये आहेत’, ‘माझ्याकडे गाडी आहे’. नातं, शरीर, जमीन हे ‘मला’ असतं. पैसा, वस्तू ‘जवळ’ किंवा ‘कडे’ किंवा आमच्या वऱ्हाडीत ‘पाशी’ असतात. पाशी आहे ते उद्या दुसऱ्यापाशी जाऊ शकतं.

हा नियम लोखंडी नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर तुमच्यातलेच कुणी मराठीचे शिक्षक उठून आम्हाला धरतील. ‘माझ्याकडे दहा एकर जमीन आहे’ असंही आपण सर्रास म्हणतो, आणि आताशा जास्तच म्हणतो. जमीन जसजशी विकण्या-घेण्याची वस्तू होत गेली तसतशी ती ‘मला’कडून ‘माझ्याकडे’कडे सरकली का, असं आमच्या मनात येतं. सिद्ध करता येणार नाही, पण येतं खरं.

‘हॅव’ नसलेल्या भाषा जगात पुष्कळ आहेत. एरिक फ्रॉमनं १९७६ साली ‘टू हॅव ऑर टू बी?’ या पुस्तकात यावर लिहिलंय; हिब्रूतही ‘मला आहे’ अशाच धाटणीनं बोलतात हे त्यानं दाखवलं. आपल्याकडे पाणिनीनं तर या ‘असण्या’साठी प्रत्ययच नेमून दिला. ‘ते त्याचं आहे’ किंवा ‘ते त्यात आहे’ अशा अर्थी मतुप्. त्यातूनच श्रीमत्, धनवत् आले. नंतरच्या व्याकरणकारांनी या प्रत्ययाचे अर्थ मोजून ठेवले: विपुलता, निंदा, स्तुती, कायमचा संबंध, अतिशय, साधा संबंध. म्हणजे खिशात दहा रुपये असलेला माणूस तर्कानं धनवान ठरेल, पण भाषेनं ठरत नाही. आणि निंदेचाही अर्थ त्यांनी आधीच धरून ठेवलाय, हे आम्हाला फार आवडतं. एखाद्याला आपण ‘पैसेवाला’ म्हणतो तेव्हा ओठ जरा वाकडा होतोच की.

‘धन’पासूनच पाणिनीच्या रीतीनं दोन शब्द होतात, धनी आणि धनिक. संस्कृतात दोघांचा अर्थ एकच. मराठीनं दोघांची फारकत केली. धनिक म्हणजे पैसेवाला. धनी म्हणजे मालक. गाईचा धनी, शेताचा धनी, आणि बायकांच्या बोलण्यातला घरधनी. त्याच्याकडे दमडी नसली तरी तो धनीच. पैसा असणं आणि मालकी असणं या दोन गोष्टी आपल्या बायाबापड्यांनी केव्हाच वेगळ्या केलेल्या आहेत. सोळाव्या शतकातला बंगालचा नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणी याच जागी अडला होता. ही वस्तू याची ‘आहे’, हे असणं म्हणजे नेमकं काय? ते वस्तूत दिसत नाही, माणसात दिसत नाही. शेवटी त्यानं ‘स्वत्व’ हा स्वतंत्र पदार्थच मानून टाकला. वर्गात हे शिकवताना पोरं जांभया द्यायची. सातबारा काढून दाखवला की जागी व्हायची.

आता ‘अफ्लुएंट’. हा शब्द तुम्हाला इथं वानेच्या काठावर जास्त चांगला समजेल. त्याचा मूळ अर्थ ‘वाहत येणारा’. जुन्या इंग्रजी भूगोलात उपनदीला अफ्लुएंट म्हणतात. सातपुड्यातून उतरून वान पूर्णेला मिळते, ती पूर्णेची अफ्लुएंट. तेव्हा अफ्लुएंट घर म्हणजे ज्या घरात सगळं वाहत येतंय, तुटवडा माहीत नाही. गॅलब्रेथनं १९५८ साली अमेरिकेवर ‘द अफ्लुएंट सोसायटी’ लिहिलं. एकेका माणसाच्या पैशापेक्षा समाजभर आलेला तो पूर त्याला सांगायचा होता. मराठीत याला जवळचा शब्द ‘सुबत्ता’. सुबत्ता ‘येते’, ‘नांदते’. ती एका माणसाच्या खिशात सहसा नसते, घरात किंवा गावात असते. वऱ्हाडात अशी एक सुबत्ता येऊन गेली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस अडला आणि इथल्या कापसाचे भाव चढले. खामगावची बाजारपेठ वाढली. १८७० साली तिथवर खास रेल्वेचा फाटा आला. युद्ध संपलं तसे भाव उतरले. पूर ओसरला, पण पुराच्या भरवशावर काढलेलं कर्ज ओसरलं नाही.

इथून पुढचं जरा सावकाश सांगतो, कारण ते आमच्या अंगावर आहे.

‘वेल-ऑफ’, ‘वेल-टू-डू’ ही जोडी. दोन्हींत पैशाचा शब्दच नाही. ‘वेल-ऑफ’ तर तुलनेचा शब्द आहे. ‘बेटर ऑफ’ गरिबालाही म्हणता येतं, दुसऱ्या गरिबापेक्षा. आपल्याकडेही अशा शब्दांची रास आहे: खातंपितं घर, खाऊनपिऊन सुखी, सुखवस्तू, ‘बरं आहे घरचं’. त्यातही पैसा हा शब्द नाही. म्हणून आम्हाला वाटत होतं, ही जोडी जुळली. खातंपितं म्हणजे वेल-टू-डू.

१९७८-७९ची गोष्ट. आम्ही नोकरीत नवे होतो. एक हुशार मुलगा होता, पूर्णेकाठच्या गावचा. तुम्हाला माहीत आहे, इथं सातपुड्याच्या पायथ्याला पाणी गोड, केळी-संत्री होतात. खाली पूर्णेकडे गेलं की खारपाणपट्टा लागतो. विहीर खणली तरी पाणी पिकाला चालत नाही, माणसाला चालत नाही. तिथं त्याच्या वडिलांना बारा एकर होतं, सगळं कोरडवाहू. बारा एकर ऐकायला किती मोठं! मोठं खटलं, तेरा-चौदा माणसं जेवायला. आम्ही एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. भाकर, तुरीच्या दाळीचं वरण, वर तूप घातलं त्या माउलीनं. मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेची शिष्यवृत्ती होती, तिच्यासाठी प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागायचं. आम्ही टाईप करून दिलं. मुलगा चांगल्या घरचा आहे, घराला अब्रू आहे, आतिथ्य आहे, हे त्या मुंबईकरांना कळावं म्हणून आम्ही लिहिलं की हा विद्यार्थी एका ‘वेल-टू-डू’ शेतकरी कुटुंबातला आहे. आमच्या मनात खातंपितं घर होतं. तूप होतं.

महिन्याभरानं उत्तर आलं. अर्जदार सुस्थितीतल्या कुटुंबातला असल्याचं त्याच्याच प्राध्यापकांनी लिहून दिलेलं असल्यामुळे अर्जाचा विचार करता येत नाही.

त्यांची काय चूक? ‘वेल-टू-डू’ म्हणजे ज्याला मदतीची गरज नाही. ‘खातंपितं’ म्हणजे ज्या घरात कुणी उपाशी झोपत नाही आणि आल्यागेल्याला भाकर मिळते. पहिला शब्द घराची स्थिती सांगतो, दुसरा घराची वागणूक सांगतो. एका पावसाळ्यानं दगा दिला तर खातंपितं घर दुसऱ्या वर्षी पेरणीला सावकाराच्या ओट्यावर असतं, आणि तरीही ते खातंपितंच असतं. हे सगळं आम्ही दुसरं पत्र लिहून कळवलं. मुदत गेली होती. मुलगा पुढच्या वर्षाला आलाच नाही. एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायला लागला. काही वर्षांनी त्याचे वडील बाजारात भेटले. आम्ही खाली बघत होतो. ते म्हणाले, “सर, पोट्ट्यानं तुमचं पत्र वाचून दाखवलं होतं. तुम्ही आमचं घर लय चांगलं लिवलं.” ती नक्कल त्यांनी जपून ठेवली होती.

आम्ही त्यानंतर पत्रात कधी विशेषण घातलं नाही. एकर किती, ओलित किती, खाणारी तोंडं किती, कर्ज किती, एवढंच लिहायचो. सरकारचंही शेवटी तेच चालतं. १९९९ साली महाराष्ट्रानं रेशनकार्डाला रंग दिले. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न तर पिवळं, त्याच्या वर एक लाखापर्यंत केशरी, त्याच्याही वर पांढरं. शब्द नकोतच, रंग घ्या! आणि सरकारी कागदात जिथं शब्द येतो तिथं ‘सधन’ येतो, त्याच्याशी आमचं एक जुनं भांडण आहे. कापूस दाट लावायच्या पद्धतीला ‘सघन लागवड’ म्हणतात. आम्ही ती एका ठिकाणी ‘सधन लागवड’ अशी छापलेली पाहिलीय. एका अक्षरानं कापूस श्रीमंत झाला. शेतकऱ्याला हे जमलं असतं तर!

राहिले सावकार आणि मातब्बर. ‘साव’ म्हणजे प्रामाणिक. चोर की साव असं आपण विचारतो. त्या सावाचाच सावकार. बेळगावकडे अजूनही मोठ्या माणसाला आदरानं ‘सावकार’ अशी हाक मारतात. आमच्या वऱ्हाडात ती हाक कुणाला मारून बघा! इथं तो शब्द कर्जाच्या कागदावरच राहिला. राज्याचा २०१४चा कायदासुद्धा ‘सावकारी’च्या नियमनाचा आहे. ‘मातब्बर’ अरबीतून आला, ज्याच्यावर इतबार ठेवावा तो. तोही भरवशाचा शब्द, पुढे पैशाचा झाला. इंग्रजी ‘क्रेडिट’ लॅटिनमधल्या विश्वास ठेवण्यातूनच निघालं. आपल्याकडे दोन शब्द जवळजवळ उभे आहेत, पत आणि ऐपत. ऐपतीचं प्रमाणपत्र तहसीलदार देतो, मालमत्ता बघून. पतीचं प्रमाणपत्र कुठल्याच कचेरीत मिळत नाही. दुकानदार वहीत न लिहिता पोतं देतो, ती पत. आमच्या त्या समृद्धीवाल्या नातेवाइकाची ऐपत वाढली आहे. पत वाढली का, हे आम्ही त्याच्या गावच्या दुकानदाराला विचारलं, तर तो हसला आणि म्हणाला, “आता ते रोखच घेतात.”

त्या मुलीच्या परीक्षेसाठी एक गमतीची गोष्ट सांगून थांबतो. कोण कुठला शब्द वापरतो यावरही इंग्रजांत माणूस ओळखतात. ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञानं १९५४ साली उच्चवर्गीय बोली आणि इतर बोली यांवर एक निबंध लिहिला. नॅन्सी मिटफर्डमुळे पुढे तो घरोघरी गाजला. त्यात असं की खानदानी लोक सरळ ‘रिच’ म्हणतात. ‘वेल्दी’ म्हणतात ते मध्यमवर्गीय, त्यांना ते जास्त सभ्य वाटतं म्हणून. आणि स्वतःविषयी दोघंही काहीच म्हणत नाहीत, फार तर ‘कम्फर्टेबल’. आपल्याकडेही “मी श्रीमंत आहे” असं वाक्य जिवंत माणसाच्या तोंडून आम्ही ऐकलेलं नाही. “देवाच्या दयेनं बरं चाललंय” हे दहा एकर बागायतवालाही म्हणतो आणि त्याच्या वावरातला सालदारही म्हणतो. तेव्हा बाई, पेपरात एवढं लिही: एकदम पैसा आला तर रिच, साठून टिकला तर वेल्दी, सगळीकडून वाहत असेल तर अफ्लुएंट. गुण मिळतील. आणि शिफारसपत्र लिहायची वेळ आली तर एकर लिही.

प्रश्न असतील तर विचारा.

(श्रोत्यांतून : सर, मग तुम्ही स्वतः यांतले कोण?)

आम्ही? आम्हाला वाटतं खात्यापित्या घरचे...

(मागून एक आवाज : सर पेन्शनवाले हायेत! हशा.)

बरोबर आहे. गावानं आमची जात ठरवलेलीच आहे. तो शब्द इंग्रजीत कसा न्यायचा, ते मात्र पुढच्या वेळी बघू.